सुट्या दातावरून नवं नाव द्यावं का? (ट्रायासिक, म्हणजे डायनासोर पहिल्यांदा अवतरले त्या काळातले शाकाहारी सरीसृप)

मूळ धागा
माझं मत स्पष्ट आहे: देऊ नये. न्यू मेक्सिकोतल्या रेव्हुएल्टोसॉरसला १९८९ मध्ये सुट्या दातांवरून नाव मिळालं. पानासारखा मुकुट (दाताचा हिरडीवरचा भाग), बुडाशी आवळलेला, कडांना करवतीसारखे जाड दाते. एवढ्यावर तो ऑर्निथिस्कियन, म्हणजे शाकाहारी डायनासोरांच्या एका मोठ्या गटातला ठरला. २००४ मध्ये ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये तेच दात असलेले सांगाडे निघाले, तर प्राणी मगरीच्या वंशातला, पाठीवर हाडांचं चिलखत! मग टेकोव्हासॉरससारखी दातांवर उभी असलेली इतर अमेरिकी नावंही डायनासोरांत धरता येईनात.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. चुकलं ते वर्गीकरण, नाव नव्हे. ते दात वेगळे ओळखू येत होते, म्हणून तर सांगाडा कुणाचा ते कळलं. मोरोक्कोचा अझेंडोसॉरस बघा. १९७२ मध्ये दात आणि जबड्याच्या तुकड्यावर तोही डायनासोर ठरला होता. त्याच्या मादागास्करमधल्या दुसऱ्या जातीची कवटी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तो समज गेला: टाळूवरसुद्धा जबड्यासारखेच पानाकृती दात! नाव मात्र टिकलं. मध्य प्रदेशातल्या देनवा खडकथरांतला शिंगवाला शृंगासॉरस (२०१७) आज त्याच्याच कुळात आहे.

मूळ धागा
जबड्याचा तुकडा असला की दात हाडात कसा बसलाय ते दिसतं. सुट्या मुकुटात ते कुठून दिसणार? शिवाय एकाच जबड्यात पुढचे दात उंच, निमुळते आणि मागचे बुटके असतात. सुटे दात शोधायला माती चाळताना ते वेगवेगळे आले की एका प्राण्याची दोन नावं होतात.

प्रतिसाद २
निम्मी चूक चाळतानाच होते. प्रत्येक थराची माती वेगळी ठेवा. ती पूर्ण वाळवून रॉकेलमध्ये भिजवा, रॉकेल निथळून पाणी घाला. चिखल आपोआप सुटतो. अर्धा मिलिमीटरच्या चाळणीवर घासू नका, नुसती हलवा, नाहीतर दाते तुटतात. मोजताना बुडाची लांबी, रुंदी, मुकुटाची उंची आणि दोन्ही कडांचे दर मिलिमीटरला दाते घ्या, तेही कडेच्या मध्यावर. टोकाचे दाते झिजतात, आणि झिजलेली कड गुळगुळीत समजून वेगळी जात करणारे कमी नाहीत.

प्रतिसाद १
हे सगळं मान्य. एवढं करूनही दात कुणाशीच जुळला नाही, तर नाव द्यावंच. गट फक्त ‘आर्कोसॉरिफॉर्म’ (मगरी, डायनासोर आणि त्यांचे नातलग यांचा मोठा गट) एवढाच लिहावा.

मूळ धागा
गट तेवढाच लिहा, पण नावाऐवजी ‘प्रकार अ’ म्हणा. होलोटाइप, म्हणजे ज्यावरून नाव दिलं तो मूळ नमुना, झिजका दात निघाला, तर त्या नावाखाली पुढे काहीच बसवता येत नाही.