मिनिमल टेक हाऊसची नवी रेकॉर्ड मागवू का?

सांगलीतून विचारतोय. मिनिमल टेक हाऊस म्हणजे मोजक्याच आवाजांचं इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक. जर्मनीतून त्याची नवीन १२ इंची व्हायनल रेकॉर्ड मागवायचीय, चारच ट्रॅक आहेत आणि डिजिटल निघणारच नाहीये म्हणे. घ्यावी का?

– घे बिनधास्त! एका बाजूला दोनच ट्रॅक म्हणजे खाचेला जागा भरपूर, बेस दणकून येतो, आणि मिनिमलमध्ये किक, हॅट हे ड्रमचे आवाज अन् बेसलाईन एवढ्यावरच तर सगळा खेळ असतो. फ्रँकफर्टमध्ये सुरू झालेलं पर्लॉन हे रेकॉर्ड लेबल १९९७ पासून व्हायनलवरच जीव लावून आहे.

– कस्टमचा खर्च धर भावा. एप्रिल-मे टाळ, आपल्याकडच्या उन्हात पार्सल तापलं की रेकॉर्ड वाकते. आली की उभीच ठेव, आडव्या थप्पीत नको.

– आली की सांग रे, साताऱ्याहून ऐकायला येतो!