अधीनता म्हणजे आज्ञापालन नव्हे

‘बायबल पत्नीला अधीन राहायला सांगतं, मग तिच्या इच्छेला जागा कुठे उरते?’ या प्रश्नाबद्दल.

बायबलमधलं इफिसकरांस पत्र ५:२२ (पत्नींनी पतीच्या अधीन राहावं, हे वचन) एकटं वाचलं की घोटाळा होतो. पपायरस ४६ आणि व्हॅटिकनस या जुन्या हस्तलिखितांत त्या ओळीत क्रियापदच नाही. ते आदल्या ओळीतून घ्यावं लागतं आणि तिथे आहे ‘एकमेकांच्या अधीन होत’. वाक्य २१व्या वचनापासून वाचा. पुढे ६:१ मध्ये मुलांसाठी आणि ६:५ मध्ये दासांसाठी पत्रलेखक पौल ‘हुपाकुओ’, म्हणजे आज्ञा पाळणं, हा ग्रीक शब्द वापरतो. पत्नीसाठी तो वापरत नाही. हा फरक बऱ्याच प्रवचनांत हरवतो, आणि त्याची किंमत बायकाच मोजतात.

पती मस्तक आहे, असं पौल म्हणतो हे खरंच. त्याचा अर्थ अधिकार की उगम, यावर ख्रिस्ती मंडळ्यांत मतभेद आहेत. पण पतीला आज्ञा आहे ती स्वतःला अर्पण करून प्रेम करण्याची. ‘पत्नीला अधीन कर’ असं त्याला कुठेच सांगितलेलं नाही.

पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं ७:४ तर लोक अर्धंच वाचतात. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार, तसाच पतीच्या शरीरावर पत्नीचा. पाचव्या वचनात शरीरसंबंधापासून दूर राहायचं तेही परस्परसंमतीनं, काही काळापुरतं.

कॅथलिक चर्चचा कायदाही (१९८३ची संहिता, कलम १०५७) संमतीवरच विवाह उभा करतो: ती दुसरं कुणी देऊ शकत नाही. जबरदस्तीनं किंवा गंभीर भीतीपोटी झालेला विवाह कलम ११०३नुसार अवैधच.