आजीचा शाळीग्राम आणि गुहेतला ट्रायलोबाईट
कुणीतरी लिहिलंय की अश्मयुगातल्या, शिकार करून पोट भरणाऱ्या माणसाला फॉसिलचं (दगड झालेल्या जुन्या जीवाचं) काय कौतुक असणार, ते मला अजिबात पटलं नाही. फ्रान्समधे आर्सी-सुर-क्युर इथं एका गुहेत ट्रायलोबाईट (कधीच नामशेष झालेला, किड्यासारखा समुद्री जीव) दगड झालेला सापडला, त्याला दोन भोकं पाडलेली, म्हणजे दोऱ्यात ओवून गळ्यात घालायला, हे भोकं पाडायचं काम साधारण १४-१५ हजार वर्षांपूर्वीचं, आणि त्या गुहेचं नावच आता ट्रायलोबाईटची गुहा! इंग्लंडमधल्या वेस्ट टॉफ्ट्सची दगडी हातकुऱ्हाड तर लाखो वर्षं जुनी, गारगोटीच्या बरोबर मधोमध शिंपल्याचं फॉसिल आणि कडेनं छिलके काढलेत पण शिंपला तसाच ठेवलाय. मुद्दाम की योगायोग यावर वाद आहे, मला तरी मुद्दामच वाटतं.

आपल्या सोलापुरात विहीर खणली की काळा कातळच लागतो, त्यात कुठलं फॉसिल मिळायला, पण आमच्या आजीच्या देवघरात शाळीग्राम आहे की. गंडकी नदीतला, एका बाजूला फुटलेला, आत मेंढ्याच्या शिंगासारखं वेटोळं. तो अमोनाईटच, समुद्रातला जीव. आजी रोज त्याला न्हाऊ घालून मऊ फडक्यानं पुसते, तुळस वाहते. तो ट्रायलोबाईटवाला पण आपला दगड असाच जपत असणार ओ.