मदत हवी आहे: उंदराची पेस्ट पोटात गेली, पण मुलगा ठणठणीत दिसतोय

भाचा, वय ४ वर्षं. परवा संध्याकाळी ओट्याखाली उंदरासाठी पेस्ट लावून ठेवलेला पाव त्याने चाटला. आईने तोंड उघडून बघितलं तर लसणासारखा भपकारा. घरात त्या दिवशी लसूण सोललाही नव्हता. मी नको म्हणेपर्यंत दूध-तूप पाजून झालं होतं. रात्री तीन उलट्या झाल्या, ॲडमिट केलं.

काल दुपारपासून मात्र पलंगावर उड्या मारतोय, बिस्किट मागतोय. डॉक्टर सोडत नाहीत. रोज रक्त काढतात, सलाईनमधून एन-ॲसिटिलसिस्टीन (यकृत सांभाळायचं औषध) चालू आहे. दाजी वैतागलेत, "पोरगं हसतंय आणि हे बिल वाढवतायत." शेजारचे काका म्हणतात, उंदराच्या विषावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं की झालं. ट्यूबवर 'पिवळा फॉस्फरस ३ टक्के' लिहिलंय. घरी न्यावं का?

प्रतिसाद १:
अजिबात नेऊ नका. या विषाची हीच खोड आहे. पहिल्या दिवशी उलट्या, पोटदुखी. मग एक ते तीन दिवस माणूस बरा वाटतो, आणि त्याच काळात यकृत बिघडत असतं. कावीळ, झोपाळूपणा, हिरड्यांतून रक्त दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून रोज रक्तातलं एसजीपीटी (यकृताला किती इजा झाली ते) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) बघतात.

काकांचं म्हणणं उंदरांसाठी मिळणाऱ्या विषारी केकच्या वड्यांना लागू आहे. त्यात बहुधा ब्रोमॅडिओलोन असतं, रक्त गोठू देत नाही, आणि तिथे व्हिटॅमिन के हा खरा उतारा. पिवळ्या फॉस्फरसला उताराच नाही. आयएनआर वाढला तर व्हिटॅमिन के इथेही देतात, पण यकृत सावरायला तेवढं पुरत नाही. आकडे चढू लागले तर प्लाझ्मा बदलण्याची आणि यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी हलवावं लागतं. कुठे नेता येईल ते आजच विचारून ठेवा.

आणि हो, दूध-तूप पाजलं हे डॉक्टरांना सांगितलंय ना? फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळतो, जास्त शोषला जातो. ओरडतील, ओरडू देत.

प्रतिसाद २:
दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, २४ तास चालू असतं. तुमच्या डॉक्टरांनाही तिथे बोलता येईल.

धागाकर्ती:
दाजींना वरचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, खाली जाऊन पैसे भरून आले. दूध-तुपाचं सांगितलं, डॉक्टरांनी ट्यूबचा फोटोही काढून घेतला. संध्याकाळचा आयएनआर आला की इथेच लिहिते.