शब्दचर्चा: ‘मूळपुरुष’, ‘संस्थापक’ की ‘राष्ट्रपिता’?

अनुवादिका:
एका दिवाळी अंकाच्या बालविभागासाठी कोरियाच्या तानगुनची कथा मराठीत आणते आहे. पहिल्याच वाक्यात अडलंय. ‘तानगुन हा कोरियाचा…’ पुढे काय लिहायचं? मी ‘मूळपुरुष’ लिहिलं होतं, संपादकांनी ‘राष्ट्रपिता’ केलं. मला ते खटकतंय.

कथा थोडक्यात अशी. स्वर्गाचा राजा ह्वानिन. त्याचा मुलगा ह्वानुंग तीन हजार जणांना घेऊन थेबेक पर्वतावर एका पवित्र झाडापाशी उतरतो. वारा, पाऊस आणि ढग यांचे कारभारी त्याच्या दिमतीला. तिथल्या एका गुहेत अस्वल आणि वाघ राहतात. दोघांनाही माणूस व्हायचं असतं. ह्वानुंग त्यांना एका कडू पाल्याची जुडी आणि लसणाच्या वीस पाकळ्या देतो आणि सांगतो, एवढंच खा, शंभर दिवस उजेड बघू नका. वाघाला दम निघत नाही. अस्वल मात्र नेटाने राहतं आणि एकविसाव्या दिवशी त्याची बाई होते. तिला नवरा मिळेना, म्हणून ती त्या झाडाखाली बसून मूल मागते. शेवटी ह्वानुंगच मनुष्यरूप घेऊन तिच्याशी लग्न करतो. त्यांचा मुलगा तानगुन. त्याने जे राज्य उभं केलं ते जोसन. परंपरेने साल धरतात इ.स.पू. २३३३.

कोशवाचक:
‘राष्ट्रपिता’ नकोच. सुभाषबाबूंनी ६ जुलै १९४४ रोजी रंगूनहून केलेल्या नभोवाणी भाषणात गांधीजींना तसं संबोधलं. आज मराठीत तो शब्द उच्चारला की दुसरं कोणी डोळ्यांपुढे येत नाही. शिवाय तो लोकांनी कृतज्ञतेने दिलेला मान आहे. तानगुनचं नातं मानलेलं का होईना, रक्ताचं आहे. कोणताही कुलवृत्तान्त उघडा, वंशावळीच्या मुळाशी ‘मूळपुरुष’ असतो. तुमचा शब्द बरोबर होता.

पाटील अण्णा:
असहमत. मूळपुरुष घराण्याचा असतो, फार तर भावकीचा. देशाचा कसा असेल? आमच्याच गावात पाटलांचा मूळपुरुष वेगळा, कुंभारांचा वेगळा, गुरवांचा वेगळा. गाव ज्याने वसवलं त्याला कोणी गावाचा मूळपुरुष म्हणत नाही. आणि कथेत तानगुन जन्मायच्या आधीच तीन हजार लोक डोंगरावर उतरलेत, ते सगळे त्याचे वंशज कसे? ‘संस्थापक’ लिहा. महाराजांना आपण स्वराज्याचे संस्थापक म्हणतोच ना?

कोशवाचक:
अण्णा, महाराजांचं सगळं कागदावर आहे. पत्रं आहेत, किल्ले उभे आहेत, ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीख आहे. तानगुनची हाती असलेली सगळ्यात जुनी हकिकत तेराव्या शतकातली, इर्यॉन नावाच्या बौद्ध भिक्षूच्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथातली. घटना आणि नोंद यांत साडेतीन हजारांहून जास्त वर्षं. दोघांना एकच शब्द लावला तर वाचणारं मूल दोन्हीला इतिहास समजेल, नाहीतर दोन्हीला गोष्ट समजेल. दोन्ही वाईटच.

मंजिरी, सुवॉन:
आम्ही काही वर्षांपासून इथेच, दक्षिण कोरियात आहोत, म्हणून लिहिते. ३ ऑक्टोबरला इथे राष्ट्रीय सुट्टी असते, ‘गेचॉनजॉल’, म्हणजे आकाश उघडल्याचा दिवस. इथली मुलं ‘तानगुन हाराबोजी’ म्हणतात. हाराबोजी म्हणजे आजोबा. संस्थापक नाही, पिता नाही, आजोबा! आणि ही नुसती बालवाडीतली गोष्ट नव्हे. १९४८ ते १९६१ या काळात दक्षिण कोरियात सरकारी कागदांवर तानगुनपासून मोजलेलं वर्ष लिहायचे. १९६१ म्हणजे ४२९४. बालविभाग आहे तर ‘कोरियाचे आजोबा’ लिहायला काय हरकत आहे?

अनुवादिका:
मंजिरीताई, हे फार आवडलं. पण नुसतं ‘आजोबा’ लिहिलं तर मराठी मुलाला पांढऱ्या मिशांचा म्हातारा दिसेल. ‘आदिआजोबा’ चालेल का? की कानाला टोचतं?

देवयानी:
टोचतं. माझं वेगळंच म्हणणं आहे. मूळपुरुष, आजोबा, पिता… आणि ती अस्वलाची बाई झालेली आई कुठे गेली? शंभर दिवसांची अट कोणी पाळली? तिने. अंधारात कडू पाला कोणी खाल्ला? तिने. मूल कोणी मागितलं? तिनेच. कोरियनमध्ये तिला नाव आहे, उंग्न्यो, म्हणजे अस्वल-बाई. पहिलं वाक्य तिच्यापासून सुरू करा, ‘कोरियाची आदिमाता’ म्हणून. आणि मराठीची गंमत बघा, ‘ते अस्वल’ असतं, एकविसाव्या दिवशी ‘ती’ होते. हा बदल इतक्या सहज किती भाषांत दाखवता येईल? ही जागा हातची घालवू नका.

अवांतर: तानगुन हे आपलं ‘दानगुण’ तर नसेल?

मंजिरी, सुवॉन:
नाही हो. ‘गुन’ म्हणजे स्वामी, अधिपती. ‘तान’चं चिनी अक्षर इर्यॉनच्या ग्रंथात वेदी या अर्थाचं आहे, नंतरच्या एका ग्रंथात चंदनाच्या झाडाचं. त्यावरून इथे अजून वाद आहेत. काही अभ्यासक त्याचा संबंध मंगोल ‘तेंगेर’शी, म्हणजे आकाशाशी जोडतात.

भारताशी खरा धागा दुसरीकडे आहे. ह्वानिनच्या नावापुढे इर्यॉनने टीप दिली आहे, की हा म्हणजे जेसॉक. जेसॉक म्हणजे बौद्धांचा शक्र, आपला इंद्र. ‘शक्र देवानाम् इंद्र’ याचं चिनी लिप्यंतर झालं, त्याचा कोरियन उच्चार ‘सॉकजेह्वानिन’, आणि त्यातला शेवटचा तुकडा ‘ह्वानिन’. म्हणजे ज्या रूपात ही कथा लिहिली गेली, त्या रूपात तानगुन इंद्राचा नातू आहे.

कोशवाचक:
वा! मग ‘स्वर्गाचा राजा’ऐवजी सरळ ‘इंद्र’च लिहा.

पाटील अण्णा:
अजिबात नको. इंद्र लिहिलात की मुलं ऐरावत आणि अप्सरा शोधत बसतील. कथा त्यांची आहे, त्यांचीच राहू द्या.

मला अस्वलाबद्दल बोलायचं होतं. आपल्याकडे त्याला अगदी नेमका शब्द आहे, देवक. लग्नात देवक बसवतो ना? कोणाचं कळंब, कोणाचं मोराचं पीस, कोणाचं पंचपल्लव. ज्याचं देवक त्याने ते झाड तोडायचं नाही. तिथेही एका टोळीचं देवक अस्वल असेल आणि दुसरीचं वाघ. अस्वलवाल्यांशी सोयरीक जुळली, वाघवाल्यांशी नाही.

मंजिरी, सुवॉन:
इथले पुष्कळ अभ्यासक कथेचा अर्थ असाच लावतात. फक्त ‘देवक’ शब्द त्यांच्याकडे नाही!

कोशवाचक:
पण देवकापासून आपण जन्मलो असं मराठा कुळं म्हणत नाहीत. देवक पुजायचं, राखायचं. तिथे अस्वल ही प्रत्यक्ष आई आहे. शब्द ताणू नका.

पाटील अण्णा:
शब्द ताणल्याशिवाय वाढतात कसे, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. आणि ‘मूळपुरुष’ घराण्यावरून उचलून देशाला चिकटवता, ते ताणणं नाही का?

शुद्धमती:
संपादकांनी प्रास्ताविकात ‘मिथक’ लिहिलं असेल तर ते आधी काढा. हिंदीतून आलेला शब्द आहे. ‘पुराणकथा’ किंवा ‘दंतकथा’ म्हणा.

कोशवाचक:
‘दंतकथा’त खोटेपणाचा वास येतो, ‘पुराणकथा’ म्हटलं की आपली अठरा पुराणं आठवतात. ‘मिथक’ मराठी समीक्षेत कधीच रुळलंय. आणि ही बारकावे मोजण्याची हौस नव्हे. १९९३ मध्ये उत्तर कोरियाने जाहीर केलं की प्याँगयांगजवळ तानगुनची कबर सापडली, आत हाडं मिळाली, ती पाच हजार वर्षांपूर्वीची आहेत. पुढच्याच वर्षी तिथे मोठं स्मारक बांधून मोकळे झाले. बाहेरच्या तज्ज्ञांनी तो दावा मानला नाही. कथेला कथा म्हणणारा शब्द भाषेत नसला की राजसत्ता तिची हाडं उकरून दाखवते. म्हणून ‘संस्थापक’ला माझा एवढा विरोध आहे.

रानवाट:
उशिरा आलो, पण तो ‘कडू पाला’ कोणता? त्याला नाव आहे. कोरियात त्याला ‘स्सुक’ म्हणतात, तो दवण्याच्या कुळातला. चैत्रात जोतिबाला वाहतो तो आपला दवणा त्याचा सख्खा भाऊबंद. नुसतं ‘पाला’ लिहिलं तर सगळा गंध जातो.

मंजिरी, सुवॉन:
बरोबर, वसंतात इथे स्सुक घालून तांदळाचे हिरवे लाडूसारखे गोळे करतात. पण वास दवण्यासारखा गोड नाही, उग्र आणि कडवट आहे.

रानवाट:
मग ‘रानदवणा’ करा. आपल्याकडच्या नागदवण्याशी त्याचं जास्त जुळतं.

देवयानी:
आणि लसूण? आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, इथे व्रतच लसणाचं! मुलांना याचं फार नवल वाटेल.

मंजिरी, सुवॉन:
तो आजचा लसूण नसावा असं इथले काही जण म्हणतात. त्या काळी कोरियात लसूण पोचलाच नव्हता, मूळ चिनी अक्षर डोंगरात उगवणाऱ्या एखाद्या पातीच्या रानटी जातीचं असावं.

शुद्धमती:
मग ‘रानकांदा’ लिहा. छान मराठी शब्द आहे.

रानवाट:
कृपा करून ‘रानकांदा’ लिहू नका! आपल्याकडे रानकांदा म्हणतात ती वनस्पती विषारी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर माळावर उगवते, कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो. अंक मुलांचा आहे, कोणी खाऊन बघेल. ‘रानलसूण’ लिहा, किंवा सरळ ‘लसूण’ राहू द्या.