मदत हवी आहे: टीव्हीवर सांगितले आठ जीबी रॅम, लॅपटॉपमध्ये निघाले चार. तक्रार पुराव्यानिशी कशी उभी करावी?

नमस्कार. दूरचित्रवाणीवरील खरेदीच्या कार्यक्रमात लॅपटॉपविषयी केलेल्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध आम्हाला तक्रार करायची आहे. ती कोठे आणि कशाच्या आधारावर करावी, याविषयी येथील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझे दाजी परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. त्यांची मुलगी लातूरला स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका करीत आहे. दिवाळीनंतर मोंढ्यात सोयाबीन घातले, पट्टी हाती आली आणि टीव्हीवर पाहिलेला लॅपटॉप दाजींनी तिच्यासाठी फोनवरून मागवला. किंमत २१,९९० रुपये होती. रोख पैसे मोजल्याशिवाय कुरिअरवाल्याने खोके उघडू दिले नाही. त्या कार्यक्रमात निवेदक मोठ्या आवाजात सांगत होता की लॅपटॉपला आठ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) आहे, एक टीबीपेक्षा (हजार जीबीपेक्षा) जास्त साठवण आहे, ५.६ गीगाहर्ट्झचा (गीगाहर्ट्झ हे वेगाचे माप) वेगवान प्रोसेसर आहे, आणि इंजिनिअरिंगची सगळी सॉफ्टवेअर त्यावर चालतात. दाजींना जीबी आणि गीगाहर्ट्झ यांतले काही कळत नाही. त्यांनी पैसे दिले ते शेवटच्या वाक्यासाठी.

महाविद्यालयात ऑटोकॅड हे आराखडे काढायचे सॉफ्टवेअर बसवायला घेतले तेव्हा प्रयोगशाळेतील सरांनी टास्क मॅनेजर उघडून भाचीला दाखवले की रॅम चारच जीबी आहे. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांना किमान आठ जीबी लागते. सुट्टीत ती घरी आली तेव्हा मी स्वतः यंत्र तपासले आणि जाहिरातीतील एकेक आकडा कसा तयार झाला आहे ते लावून पाहिले. हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण अशाच आकड्यांवर भरवसा ठेवून आपल्या भागातील पुष्कळ पालक पैसे घालतात.

आठ जीबी म्हणजे चार जीबी खरी रॅम आणि चार जीबी ‘व्हर्च्युअल’ रॅम. ही दुसरी चार म्हणजे साठवणीतलाच एक कोपरा आहे. रॅम भरली की विंडोज तेथे तात्पुरता मजकूर नेऊन ठेवते. हे काम विंडोज प्रत्येक संगणकावर आपणहून करते, त्यासाठी कोणी वेगळे पैसे आकारावेत असे त्यात काही नाही. दोन्हींच्या गतीतील अंतर पाहिले म्हणजे ही बेरीज किती अन्यायाची आहे ते लक्षात येते. डीडीआर४-२४०० प्रकारच्या रॅमची एका मार्गावरची (चॅनेलवरची) कमाल गती सेकंदाला १९.२ गीगाबाइट असते, तर या लॅपटॉपमध्ये असलेल्या ईएमएमसी ५.१ साठवणीची कमाल गती सेकंदाला ४०० मेगाबाइटच्या, म्हणजे ०.४ गीगाबाइटच्या आसपास असते, आणि तीही कागदावर. विहिरीतले पाणी आणि टँकरची वाट पाहून मिळणारे पाणी एकाच हिशेबात धरण्यासारखे हे झाले. शिवाय रॅम मदरबोर्डवरच (आतल्या मुख्य पाटीवरच) सोल्डर करून पक्की केलेली असल्यामुळे पुढे पैसे साठवून ती वाढवण्याचीही सोय नाही.

एक टीबीपेक्षा जास्त साठवण म्हणजे यंत्रातील ६४ जीबी आणि इंटरनेटवरील (‘क्लाउड’मधील) एक टीबी जागा, तीही पहिल्या वर्षापुरती. दाजींच्या गावात मोबाइलला धड रेंज मिळत नाही, तेथे त्या जागेचा उपयोग काय? ५.६ गीगाहर्ट्झचा आकडा तर सर्वांत वाईट आहे. आत इंटेलचा सेलेरॉन एन४०२० हा प्रोसेसर आहे. तो २०१९ सालचा, दोन कोअरचा (कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा भाग); त्याची मूळ गती १.१ गीगाहर्ट्झ असून गरजेपुरती ती २.८ पर्यंत चढते. दोन कोअर म्हणून २.८ ची दुप्पट करून ५.६ सांगितले गेले. गीगाहर्ट्झ अशी बेरीज करून मोजत नाहीत. दोन कोअर दोन कामे एका वेळी करू शकतात, पण म्हणून एकच काम दुप्पट वेगाने होत नाही.

सोबतच्या स्पीकरवर ३००० वॅट पीएमपीओ (क्षणिक कमाल शक्तीचा आकडा) असे छापले आहे आणि त्याचा अडॅप्टर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त २४ वॅटचा आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिस मोफत म्हणून सांगितले होते, ती महिनाभराची चाचणी आवृत्ती निघाली. या दोन गोष्टींवर मी अधिक वेळ घालवणार नाही.

एक गोष्ट मात्र कंपनीच्या बाजूने नोंदवतो. विंडोजमध्ये ६४ ऐवजी ५८ च्या आसपास जीबी दिसतात, ही फसवणूक नाही. उत्पादक एक जीबी शंभर कोटी बाइटचा धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, शिवाय काही जागा दुरुस्तीच्या विभागासाठी राखलेली असते. हा फरक सर्वत्र आढळतो, म्हणून तो मी तक्रारीत घेणार नाही.

विक्रेत्याच्या ग्राहक सेवा केंद्राशी बोलल्यावर दोन उत्तरे मिळाली. पहिले असे की चार अधिक चार, ६४ जीबी अधिक क्लाउड, हे सर्व पडद्याच्या तळाशी पट्टीत लिहिलेले होते. दुसरे असे की लॅपटॉपमध्ये बिघाड नसल्यामुळे परत घेता येणार नाही. त्यांच्या सेवा केंद्राने ‘दोष आढळला नाही’ असा कागदही दिला आहे. या कागदामुळे आमची बाजू पडेल काय, अशी मला काळजी आहे. बिलावर ‘लॅपटॉप, ८ जीबी’ एवढेच लिहिले आहे आणि ते दाजींच्या नावावर आहे, वापरणारी मात्र भाची आहे. जाहिरातीचे चित्रीकरण आमच्याकडे नाही.

तेव्हा तळाच्या पट्टीतील बारीक अक्षरांनी विक्रेत्याची जबाबदारी संपते काय? टीव्हीवर बोललेले वाक्य सिद्ध कसे करावे? आणि परभणीत तक्रार चालेल, की कंपनीच्या गावी जावे लागेल? कृपया सांगावे.

प्रतिसाद: नांदेड, संगणक दुरुस्ती व्यावसायिक

दादा, आपण आकड्यांची केलेली फोड बरोबर आहे. दुकानात येणाऱ्या अशा यंत्रांमध्ये मी हेच पाहतो. कायद्याचे जाणकार सांगतीलच; मी यंत्राच्या पुराव्यापुरते लिहितो. विंडोज पुन्हा टाकू नका, खालचे स्क्रू खोलू नका आणि सील असेल तर ते तसेच राहू द्या. नाहीतर माल तुम्हीच बदलला, असे उत्तर येईल. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून तेथे ‘एमएसइन्फो३२’ हा आदेश दिला की प्रोसेसरचे पूर्ण नाव, बसवलेली रॅम आणि यंत्राचा मॉडेल क्रमांक एकाच पडद्यावर दिसतो. त्या पडद्याचा आणि यंत्राच्या तळावरील अनुक्रमांकाच्या चिकटपट्टीचा एकत्र फोटो घ्या, म्हणजे हे आकडे याच यंत्राचे आहेत हे वेगळे सांगावे लागणार नाही.

खोके टाकून दिले नसेल तर जपून ठेवा. आवेष्टित (पॅकबंद) वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे त्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. नोटीस कोणाच्या नावे काढायची हे पुष्कळदा खोक्यावरूनच कळते, कारण टीव्हीवर दिसणारे नाव आणि बिलावरचे नाव वेगळे असू शकते. लॅपटॉप आणि अडॅप्टर यांवर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असायला हवा, तो ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो.

प्रतिसाद: छत्रपती संभाजीनगर, वकील

सेवा केंद्राच्या कागदाची काळजी करू नये. उलट तो सांभाळून ठेवावा. आपली तक्रार ‘वस्तू सदोष आहे’ अशी लिहिली तर तो कागद आड येईल. परंतु आपले म्हणणे दोषाचे नाहीच. वस्तूचा दर्जा आणि प्रमाण याविषयी खोटे सांगून ती विकली, असे आपले म्हणणे आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. यंत्र ठणठणीत असूनही त्यात चारच जीबी आहेत, ही गोष्ट विक्रेत्याच्याच कागदावरून पुढे येते. त्यामुळे प्रयोगशाळेतील तपासणीची गरजही बहुधा पडणार नाही.

तळाच्या पट्टीबद्दल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आहेत. खुलासा हा दाव्याचे स्पष्टीकरण करण्यापुरता असतो. मुळातच दिशाभूल करणारा दावा खुलासा देऊन दुरुस्त करता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, आणि दावा निवेदकाच्या आवाजात केलेला असेल तर खुलासा त्याच वेळी पडद्यावर दिसला पाहिजे. निवेदक हिंदीत बोलत असताना पट्टी इंग्रजीत सरकत होती काय, एवढे आठवून लिहा. आठवत नसेल तर जाहिरात पुन्हा लागेल तेव्हा पाहा. असे कार्यक्रम दिवसेंदिवस तेच दाखवले जातात. मोबाइलवर चित्रीकरण करताना वाहिनीचे चिन्ह, तारीख आणि वेळ दिसू द्या आणि मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये राहू द्या, कारण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र तिच्या आधारे जोडता येते. वाहिन्यांना प्रक्षेपित मजकुराची नोंद ९० दिवस जपावी लागते. दिवाळीनंतरची खरेदी आहे, म्हणून नोटिशीपूर्वीच वाहिनीला पत्र पाठवून त्या दिवसाचे चित्रीकरण राखून ठेवण्याची मागणी करावी. पत्र पोहोच पावतीसह पाठवावे.

आपल्याला परभणीबाहेर जावे लागणार नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगापुढे तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याने झालेली मोठी सोय आहे. टेलिशॉपिंगमधून घेतलेला मालही ‘खरेदी’त मोडतो, असे कायद्यातच लिहिले आहे. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच ठरतो, त्यामुळे दाजी आणि भाची दोघांनाही तक्रारदार करता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील लावण्याची सक्ती नाही.

याशिवाय, अशी जाहिरात अनेकांना फसवत असेल तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ खाली तिची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. प्राधिकरण जाहिरात बंद करण्याचा आदेश देऊ शकते आणि पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकते. आपले पैसे मात्र आयोगाकडूनच परत मिळतील. हे दोन मार्ग वेगळे आहेत. नेहमीच्या कामकाजात जाहिरात दाखवणाऱ्या वाहिनीला कायद्यात बऱ्यापैकी संरक्षण आहे. मात्र मागणी नोंदवून घेणारी आणि बिल देणारी कंपनी वाहिनीचीच असेल तर ती विक्रेती ठरते, म्हणून बिलावरील नाव नीट पाहावे.

प्रतिसाद: बीड

विषय समजला, पण एक शंका आहे. २१,९९० रुपयांत आठ जीबीचा नवा लॅपटॉप मिळत नसेल, तर किंमत आणि माल यांचा मेळ बसतोच. मग आयोगापुढे नुकसान काय दाखवणार?

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार.

बीडच्या शंकेचे उत्तर देतो. नुकसान किमतीच्या फरकाचे नाही. जाहिरातीत चार जीबी आणि ६४ जीबी असे सरळ सांगितले असते तर दाजींनी हे यंत्र घेतलेच नसते. तेवढ्याच पैशांत त्यांनी परभणीच्या एखाद्या दुकानातून आठ जीबीचा जुना, पण हमी असलेला लॅपटॉप घेतला असता, किंवा आणखी थोडी रक्कम जमेपर्यंत थांबले असते. मुलीच्या शिक्षणासाठी काय घ्यायचे हे ठरवण्याचा त्यांचा अधिकार खोट्या आकड्यांनी हिरावून घेतला गेला, आणि ऑटोकॅडचे पूर्ण सत्र तिने मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काढले. हे नुकसान तक्रारीत शब्दांत कसे मांडावे, यावर वकीलसाहेबांनी आणखी दोन ओळी लिहिल्या तर उपकार होतील.

खोके सुदैवाने माळवदावर जपलेले होते. त्यावरील आयातदाराचे नाव आणि बिलावरील नाव खरोखरच वेगळे आहे, त्यामुळे नोटीस दोघांनाही पाठवत आहे. वाहिनीला चित्रीकरण राखून ठेवण्याचे पत्र आज टपालाने गेले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रारही नोंदवली आहे.

आता एकच विनंती. चार अधिक चार जीबीची अशी जाहिरात आपल्यापैकी कोणी टीव्हीवर पाहिली असेल आणि मोबाइलवर घेतली असेल, तर वाहिनी, तारीख आणि वेळ मला व्यक्तिगत संदेशातून कळवावी. बिल असलेले आणखी कोणी मराठवाड्यात असतील तर जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायच्या अर्जावर त्यांच्याही सह्या घेता येतील.