मदत हवी आहे: क्रूझचा पहिला दिवस, सोबत ७४ वर्षांच्या सासूबाई आणि इन्सुलिन

नमस्कार. आम्ही नाशिकचे, इंदिरानगरला राहतो. जानेवारीत मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलंय. आम्ही दोघं, मुलं (सातवी आणि तिसरी) आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावं लागतं, आणि गुडघ्यांमुळे जिना म्हटला की कठडा धरून एकेक पायरी.

बोट सुटून खोलीत सामान लागलं की आई रमतील, त्याची मला चिंता नाही. जीव अडकलाय तो पहिल्या दिवसात. घराला कुलूप लावल्यापासून बोटीवरच्या रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांचं कसं निभावायचं?

गेल्या वर्षी एका लग्नात पंगत लांबली. आईंनी नेहमीच्या वेळेला इन्सुलिन घेतलं होतं आणि पान काही वाढलं जाईना. हात थरथरायला लागले, वरच्या ओठावर घाम, हाक मारली तर नुसत्या बघत राहिल्या. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी होती, ती पाण्यात कालवून पाजली, तेव्हा दहाएक मिनिटांनी बोलल्या. तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्यामुळे बंदरावर रांगेत किती वेळ जातो आणि तिथे बसायला, खायला मिळतं का, हे मला आधी कळायला हवं.

दुसरं, पंचवटीने गेलो तर नाशिकरोडहून सातच्या सुमारास निघून पावणेअकराच्या आसपास सीएसएमटी. बोट सुटते ते बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीने जवळच. नवऱ्याचं म्हणणं, समृद्धीने गाडीच काढू, इगतपुरी ते आमणे रस्ता झाल्यापासून कसारा घाट टळतो. तुम्ही काय कराल?

तिसरं, आईंना बोट लागते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गेलो होतो, तासाभराचा प्रवास, पण अर्ध्यातच उलट्या सुरू झाल्या. तरीही यंदा त्यांनीच हट्ट धरलाय. नाशिकच्या माणसाने पाणी म्हणजे गोदावरी आणि गंगापूर धरण एवढंच पाहायचं का, म्हणतात.

कोणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, आम्ही सिडकोतले. दोन वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन गेलो होतो. आमच्या हातून झालेली चूक आधी सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. मोठ्या बॅगांना खोलीच्या नंबरचे टॅग लावून त्या बंदरावरच ताब्यात घेतात, नंतर खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. आमची बॅग रात्री साडेआठला आली आणि वडिलांच्या गोळ्या तिच्यातच होत्या. म्हणून इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळ्यांची आधार कार्डं, आईंचा एक जोड कपडे आणि ग्लुकोज, हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. ती पिशवी कोणी मागितली तरी सोडू नका.

वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, फक्त ऊन लागू द्यायचं नाही. न उघडलेलं मात्र २ ते ८ अंशांत हवं. खोलीतल्या छोट्या फ्रिजच्या भरवशावर राहू नका, बोटीवर दवाखाना असतो, तिथे ठेवायची सोय विचारा. आणि बर्फाला चिकटवून नेऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

प्रवासाचं म्हणाल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. समृद्धी आमण्याला संपते, पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच. बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी दार बंद होतं आणि राहिलेल्यांसाठी ती थांबत नाही. दादर-गिरगावात कोणी नातेवाईक असतील तर तिथे रात्र काढा, सकाळी इन्सुलिन, पोटभर नाश्ता, मग निघा. व्हीलचेअर आत्ताच बुकिंगवाल्यांना लेखी कळवा, म्हणजे रांगेत उभं राहावं लागणार नाही. आणि बोटीवर जेवणाची वेळ पक्की कळेपर्यंत संध्याकाळचं इन्सुलिन देऊ नका.

खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथे हेलकावे सगळ्यांत कमी जाणवतात. उलटीची गोळी बोट हलायच्या आधी घ्यावी लागते, पण या वयात तिने गुंगी येते, तेव्हा आईंच्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रतिसाद

सुरक्षेच्या कवायतीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं असतं. 'थकलो, नंतर बघू' म्हणून टाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता ही कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटल्याबरोबर घ्यावीच लागते. खऱ्या प्रसंगात लिफ्ट वापरायची नसते. त्यामुळे आईंना जिना झेपत नाही, हे खोलीत शिरल्या शिरल्या तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा आणि अशा वेळी त्यांना कोण आणि कुठून नेणार, ते विचारून घ्या.

प्रतिसाद (धागाकर्ती)

तिघांनी मिळून वाचलं. आईंनी चष्मा लावून दोनदा. गाडी रद्द, आदल्या दिवशी पंचवटीने जाऊन दादरला मावशींकडे मुक्काम. व्हीलचेअरचं पत्र आज पाठवलं, खोली बदलून मागितली आहे. भोंग्याचं वाचून धाकटा घरभर 'सात छोटे, एक लांब' करत फिरतोय, त्याला आजीचा हात धरायचं काम दिलंय.

एक राहिलं. आईंची एकादशी पहिल्याच दिवशी येतेय. इन्सुलिनवर उपास नको, हे डॉक्टरांनी बजावलंय, पण साबुदाणा-बटाट्याखेरीज साखर न वाढवणारं काही उपासाचं बोटीवर मिळतं का? राजगिरा, भगर, शेंगदाण्याची आमटी? घरून शिजवलेलं आत नेऊ देतात का?